बॉण्ड तीन वर्षांचा

चांदूर रेल्वेत फुटबॉलवरून वाद झाला, हे अमरावतीतही कुणाला पटणार नाही. इथले वाद ठरलेले : सोयाबीनचा भाव, कपाशीवरची बोंडअळी, आणि कोणती एक्स्प्रेस आपल्याकडे थांबते नि कोणती शिट्टी मारत सरळ धामणगावाकडे निघून जाते. पण वाद झाला, आणि त्याला कारण एक मुलगा होता. त्याचं नाव इथं नको. जिल्ह्याच्या संघातून खेळलेला, पुढे नागपूर-कामठीकडच्या स्पर्धांमध्ये सामन्याचे पैसे घेऊन खेळणारा. डावा पाय असा की समोरच्याला बॉल दिसायचा, पण सापडायचा नाही. मग हातात पैसा, मग दारू, मग एका रात्री पानठेल्यासमोर एकाचं डोकं फोडलं आणि काही महिने अमरावतीच्या जेलमध्ये काढले. सुटून आला आणि म्हणाला, शाळेच्या मैदानावर लहान पोरांना शिकवू द्या.

मैदानावरच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असते ते पी.टी.चे सर निवृत्त झालेत, किल्ली अजून झालेली नाही. गाव त्यांना मास्तर म्हणतं. त्यांनी नकार दिला. त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारे जमादार, पोलीस खात्यातून निवृत्त, म्हणाले, देऊन टाका. मला हे उलटंच वाटलं. पोलिसानं संशय घ्यायचा आणि शिक्षकानं विश्वास ठेवायचा, अशी आपली समजूत असते. मी सरांची जुनी विद्यार्थिनी; दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून ऐकत गेले, आणि मधूनमधून माझंही तोंड चाललं.

मास्तर : अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. केलं आणि उभी नोकरी मैदानावर काढली. खेळाडू मला पाठ आहे. जो पोरगा खरंच चांगला खेळतो, त्याला लहानपणापासून एकच शिकवण मिळते, की तुला सगळं माफ. गृहपाठ नाही केला? जाऊ द्या, परवा फायनल आहे. वर्गात कुणाला हाणलं? जाऊ द्या, अमरावतीला मॅच आहे. गावातल्या टीमचं हे, तर जिथं कोटी-कोटी रुपये लागलेत तिथं काय होत असेल? असा माणूस पंचविशीला येऊन सुधारतो म्हणता. त्याला माफी कशी मागायची तेवढं येतं. ते त्याला फार छान येतं.

जमादार : तुमचं म्हननं खरं हाय, पन अर्धं. तुमी पोट्टे पाह्यले मास्तर, म्या त्यायचं पुढचं पाह्यलं. ठान्यात हिस्ट्रीशीटा माह्याकडे होत्या. एकेका मानसाचा कागद. रात्री दोन-अडीचले जाऊन त्याचं दार वाजवाचं. आतून बायको कडी काढे. 'घरी हाय का?' 'हाय, झोपले.' नुसतं ऐकून निंघाचं नाई. उठवाचं, कंदिलाच्या नाईतं बॅटरीच्या उजेडात तोंड पाहाचं, वास घ्याचा, डायरीत टाइम टाकाचा, अन् पुढच्या घराकडे. असे सालोसाल. अन् सांगतो तुमाले, त्यातले लय जन सुधरले. कोनाच्या भाषनानं नाई. एकाले पोरगी झाली म्हनून. एकाचा भाऊ मेला म्हनून. काई तं निस्ते थकले. चाळीशीत भिंतीवरून उडी जमत नाई नं राज्या.

मास्तर : थकणं म्हणजे सुधारणं नव्हे, जमादार.

जमादार : बायकोले काय फरक पडते? रात्री घरी हाय नं तो.

यावर सर हसले नाहीत, मी हसले. मग जमादारांनी 'चॅप्टर केस' काढली. पोलिसांच्या तोंडी हा शब्द रोजचा आहे. वारंवार गुन्हे करणाऱ्याला कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं आणि त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड लिहून घ्यायचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 110 होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 129 आहे. बॉण्डला जामीनदार लागतो आणि त्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं.

मास्तर : म्हणजे तीन वर्षांच्या पुढचा भरवसा सरकारलाही नाही.

जमादार : उलटं वाचता तुमी. सरकार म्हन्ते, तीन वर्षं नीट राह्य, मंग आमी तुह्या दारी येत नाई.

सुधारणा म्हणजे काय यावर मोठमोठी पुस्तकं असतील, पण या एका कलमाची ही दोन वाचनं मला पुरेशी वाटली. एकाला माणसाच्या आत काय बदललं ते पाहायचं आहे. दुसऱ्याला रात्री अडीचला तो कुठं आहे तेवढं कळलं तरी चालतं.

मी नागपूरचं नाव काढलं. फार लांब जायला नको, इथून गाडीत बसलं की वर्धा ओलांडून नागपूर. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्याचं पुढे 'स्लम सॉकर' झालं, 2016 मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कारही मिळाला. टोळ्या, मारामाऱ्या आणि मागे लागलेले पोलीस अशा आयुष्यातून तिथं आलेला अखिलेश पॉल 2010 मध्ये रिओच्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कप्तान होता. नंतर तो पोरांना शिकवू लागला. 'सत्यमेव जयते'मधून त्याची गोष्ट घराघरात गेली आणि मार्च 2022 मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला, अमिताभ बच्चन बारसेंच्या भूमिकेत.

मास्तर : मला ठाऊकच होतं तू हे काढशील. पण तो अखिलेश वेगळा. त्याच्याकडे काही नव्हतं आणि फुटबॉल त्याच्या हाती लागला. मी बोलतोय तो माणूस फुटबॉलमुळेच बिघडतो. आपला पोट्टा मैदानात येण्याआधी पीत नव्हता. मैदानातून पैसा आला, पैशामागून मित्र आले. दोन्ही आजार वेगळे, आणि तू एकाचं औषध दुसऱ्याला पाजतेस.

हा मुद्दा बिनतोड होता. जगभर 'बिघडलेला फुटबॉलपटू' म्हणतात तेव्हा तो बहुधा हा दुसराच असतो. मास्तरांनी जोई बार्टन काढला. रात्री जागून मोबाइलवर इंग्लंडच्या लीगचे सामने बघायचे हे त्यांचं निवृत्तीनंतरचं एकमेव व्यसन.

मास्तर : हा बार्टन मँचेस्टर सिटीत होता, मग न्यूकॅसलला. 2007 च्या नाताळात लिव्हरपूलच्या रस्त्यावर मारामारी केली आणि 2008 मध्ये जेलमध्ये गेला. सरावात स्वतःच्याच संघातल्या खेळाडूला मारलं, त्याची वेगळी शिक्षा. बाहेर आल्यावर काय झालं? 2012 मध्ये हंगामाच्या शेवटच्या सामन्यात धिंगाणा घातला, बारा सामन्यांची बंदी. मग एकदम तत्त्वज्ञान! नीत्शेची वचनं टाकू लागला, विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला गेला, बीबीसीच्या चर्चेत बसला. पेपरवाले म्हणाले, बघा, माणूस बदलला. 2017 मध्ये काय निघालं? दहा वर्षांत 1260 पैजा, नियम मोडून लावलेल्या. तरी पुढे दोन क्लबांनी त्याला मॅनेजर केलं. आणि 2025 मध्ये? बायकोला मारल्याबद्दल दोषी, आणि त्याच वर्षी घाणेरड्या पोस्टबद्दल पुन्हा दोषी. सांगा जमादार, तुमच्या डायरीत याचं काय लिहाल?

जमादार : लिवीन, 'घरी आढळून आला नाही.'

मी टोनी अॅडम्स सांगितला. तोही इंग्लंडचाच, आर्सेनलचा कप्तान. 1990 च्या डिसेंबरमध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. सुटल्यावर क्लबनं त्याला हातावर झेललं, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो पुढची पाच-सहा वर्षं पीतच राहिला. त्याचं जेल म्हणजे त्याची सुधारणा, असं जे समजले त्यांचा हिशेब चुकला. सप्टेंबर 1996 मध्ये त्यानं संघातल्या सोबत्यांसमोर, कुणी पकडलेलं नसताना, आपण दारुडे आहोत असं सांगितलं. त्यानंतर 1998 आणि 2002, दोन्ही वर्षी आर्सेनलनं लीग आणि कप जिंकले तेव्हा कप्तान तोच. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. 2000 मध्ये त्यानं व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी 'स्पोर्टिंग चान्स' नावाची संस्था काढली. 2002 मध्ये खेळणं थांबलं. संस्था थांबली नाही.

मास्तर : म्हणजे जेलनं काही झालं नाही. हे तू माझ्याच बाजूनं बोललीस.

जमादार : तिनं तुमच्या बाजूनं जेल मोडला, माह्या बाजूनं मानूस उभा केला.

इथं मी माझं मत सांगून टाकलं. खेळाडू सुधारला की नाही हे तो खेळत असेपर्यंत कळूच शकत नाही, कारण तोवर कुणाला तरी त्याचा उपयोग असतो. ज्याला उपयोग असतो तोच त्याला सुधारल्याचा दाखला देत असतो. क्लबला शनिवारी गोल हवा असतो, म्हणून क्लब म्हणतो की मुलगा आता शांत झालाय. मॅराडोनाचंच पाहा. 1984 मध्ये तो नेपल्सला गेला. 1987 आणि 1990 मध्ये नापोलीला लीग जिंकून दिली. तोवर त्याच्या रात्री कुठं जातात हे कुणाला दिसत नव्हतं. 1990 च्या विश्वचषकात नेपल्सच्याच मैदानावर अर्जेंटिनानं इटलीला हरवलं, आणि पुढच्या वर्षी कोकेनच्या चाचणीत सापडून त्याच्यावर पंधरा महिन्यांची बंदी आली. व्यसन 1991 मध्ये सुरू झालं नव्हतं. संपलं ते इटलीचं प्रेम. बार्टनच्या तत्त्वज्ञानाचाही तोवर कुणाला तरी उपयोग होता, चॅनेलना पाहुणा हवा होता. गरज सरल्यावर उरतो तो माणूस तपासायचा.

सरांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. वर्गात कुणी अर्धवट बरोबर उत्तर दिलं की ते अशीच हलवत.

मास्तर : मग तुझा 'झुंड'ही तपास. सिनेमाला त्या मुलांचा उपयोग होता. झोपडपट्टीतलीच पोरं घेतली, कौतुक झालं. त्यातल्याच एकाला सिनेमा लागला त्याच वर्षी, नोव्हेंबरात, नागपुरात चोरीच्या प्रकरणात पकडलं. 2025 च्या ऑक्टोबरात त्याचा खून झाला. विशी नुकती ओलांडलेली. कॅमेरा होता तोवर सगळे होते. मी चिडून नाही सांगत हे. पण लोक टाळ्या वाजवून घरी जातात, आणि मैदान ज्याच्या ताब्यात दिलं त्याच्या ताब्यात दुसऱ्या दिवशीही पोरं असतात.

जमादार बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

जमादार : त्या पोट्ट्याचं वाईटच झालं. पन तो फुटबॉलनं नाई बिघडला, अन् फुटबॉलनं सुधरलाही नोयता. त्याले काम भेटलं, काम सपलं. पोरी, ते रिओचं काय असते? दरसाली जातात का हे पोट्टे?

नाही. आणि हे सांगताना मलाच ते नव्यानं दिसलं. होमलेस वर्ल्ड कपचा नियम असा की खेळाडू आयुष्यात एकदाच त्यात खेळू शकतो. मैदान 22 मीटर लांब, 16 मीटर रुंद. एका संघाचे चौघं, त्यातला एक गोलकीपर. सात-सात मिनिटांचे दोन डाव. कप्तान असलात तरी पुढच्या वर्षी तुम्ही बाद, जागा दुसऱ्या बेघराची. म्हणजे अखिलेश पॉलचा संघाला असलेला उपयोग 2010 मध्येच संपला होता. तो परत आला आणि मैदानावर मुलांना शिकवत राहिला, ते त्यानंतरचं. खरं सांगायचं तर त्याच्या गोष्टीचाच उपयोग जास्त झाला. तिचे सिनेमाचे हक्क आपण घेतलेत म्हणून हैदराबादचा एक निर्माता कोर्टात गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. सुधारलेल्या माणसाची गोष्ट कुणाच्या मालकीची, यावर वकील भांडले.

जमादार : एकदाच? मंग चांगलं हाय. आपल्याकडे माळ घालतात तसं. माळ घातली की मानूस दारूच्या दुकानासमोरून जाते तं सारं गाव पाह्यते. कप-गिप काई भेटत नाई. उलट मटन सुटते.

मास्तर : माळ घालून मागच्या दारानं जाणारेही मी पाहिलेत.

जमादार : म्याही पाह्यले. पन मागच्या दारानं जाते म्हन्जे त्याले लाज हाय नं अजून? पयले तो पुढच्या दारानं जाये.

वाल्या कोळी यायचाच होता, तो इथं आला. जमादारांनी काढला, आणि मास्तरांनी लगेच परतवला : वाल्या वारुळात बसला होता तेव्हा त्याची मुलाखत घ्यायला कुणी गेलं नव्हतं. आम्ही तिघांनीही तो विषय तेवढ्यावर सोडला. गुरुकुंज मोझरी इथून जवळ, गाडगेबाबांची समाधी अमरावतीत. दारू सोडण्याबद्दल चांदूरच्या माणसाला नवीन काही सांगावं लागत नाही. सोडणाऱ्यांची आणि पुन्हा धरणाऱ्यांची, दोन्ही याद्या ज्याला त्याला तोंडपाठ.

सरांचा खरा आक्षेप मात्र अजून बाहेर यायचा होता. तो आला ल्यूक मॅकॉर्मिकच्या निमित्तानं. प्लिमथ अरगाइल या क्लबचा हा गोलकीपर. जून 2008 मध्ये संघातल्या एका माजी सोबत्याच्या लग्नाहून परतताना दारूच्या नशेत त्याची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली. दोन सख्खे भाऊ मेले, एक दहा वर्षांचा, एक आठ. त्याला सात वर्षं चार महिन्यांची शिक्षा झाली. 2012 मध्ये सुटला, 2013 मध्ये त्याच क्लबनं त्याला परत घेतलं, आणि पुढे तो त्याच संघाचा कप्तान झाला. कायद्यानं सांगितलेलं सगळं त्यानं भोगलं होतं.

मास्तर : आणि त्या पोरांची आई? दर शनिवारी टीव्हीवर त्याच्या दंडावर कप्तानाची पट्टी. तो खरंच बदलला असेल, मी नाही म्हणत नाही. पण 'सुधारला' हा निकाल द्यायचा कुणी? क्लबनं? तू? मी? आपण सगळे ज्यांचं काही गेलं नाही असे लोक. आपल्या पोट्ट्यानं ज्याचं डोकं फोडलं तो या गावातच राहतो. त्याला विचारलं का कुणी?

जमादार : पोट्टा गेल्ता त्याच्या घरी.

मास्तर : कधी?

जमादार : सुटून आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्याच सांगलं होतं जा म्हनून. दार नाई उघडलं त्यानं.

मास्तर : मग?

जमादार : मंग काई नाई. दार त्याचं हाय. वाटलं तं उघडन, नाई वाटलं तं नाई उघडन. पोट्ट्याले म्या म्हन्लं, पुन्हा जाऊ नोको. तुले बरं वाटाव म्हनून त्यानं कायले उठाव खाटेवरून?

मास्तरांना हे माहीत नव्हतं. चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही, पण त्यांनी खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली. मग एकदम कामाचं बोलू लागले. ते असेच आहेत, मन हललं की नियम सांगतात.

मास्तर : किल्ली मी देणार नाही. सकाळी सहाला मीच येऊन खोली उघडीन, बॉल मोजून देईन, मोजून घेईन. मोठ्या मुलांची टीम त्याच्याकडे नाही. तालुक्याला, जिल्ह्याला जाणारं कुणीच नाही. त्याला चौथीच्या आतली पोरं. ज्यांना कुठली स्पर्धा नाही, कप नाही, ज्यांना पासिंग शिकवता शिकवता वर्ष जाईल ती. ही म्हणते ना, उपयोग असला की दाखला मिळतो? मग त्याच्या हातून शाळेला काही जिंकून मिळेल असं काहीच नको.

जमादार : अन् पैशे?

मास्तर : पैसे नाहीत.

जमादार : वा मास्तर! फुकटात सुधराचं. खाईन काय तो?

मास्तर : सकाळी शिकवेल, दिवसा जिनिंगवर जाईल.

जमादार : जिनिंग कापूस हाय तोवर. होळीले सारं बंद. उनाळ्यात काय करन? त्याच उनाळ्यात स्पर्धा असतात कामठीकडे, अन् तिकडून फोन येतात, 'येतो का भौ, एका मॅचचे इतके देतो.' तवा तुमचे चौथीतले पोट्टे त्याले धरून ठेवतीन का?

याचं उत्तर सरांकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. मी नगरपरिषदेत रोजंदारीचं काही जमेल का असं विचारलं. सर म्हणाले, आता शाळेत माळी ठेवायचा तरी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो, नगरपरिषदेचा कंत्राटदारही तोच मागेल, आणि मैदानावर उभं करायचं तरी तो लागणारच. जेलमधून आलेल्याला तो दाखला कोण देणार?

मास्तर : तुम्हीच जा ठाण्यात, जमादार. तुमचं खातं आहे. सांगा त्यांना.

जमादार : जातो नं, उद्याच जातो. पन आता तिथं मले कोन वयखते? मांगच्या महिन्यात गेल्तो तं नव्या पोट्ट्यानं इचारलं, 'काका, तक्रार काय हाय तुमची?'